एकट्याचे धाडस आणि परक्यांच्या खांद्यावरचा भार

पावसाळ्याचे पहिले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर टेकले की मुंबई-पुण्याकडील तरुणांची पावले घाटाकडे वळू लागतात आणि त्याच सुमारास दरीत कोसळलेल्यांच्या, धबधब्यात वाहून गेलेल्यांच्या व रानात वाट चुकलेल्यांच्या बातम्या वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर येऊ लागतात. पुढचा क्रमही आता ठरून गेला आहे. जिल्हाधिकारी मनाईहुकूम काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघत असे, जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो, एवढाच काय तो फरक. 'हवेत कशाला नसते उद्योग' असे म्हणून वडीलधारी मंडळी मोकळी होतात. साहसावाचून तारुण्य कसले, असा तरुणांचा प्रतिप्रश्न असतो. चार दिवसांत दोन्ही पक्षांना विषयाचा विसर पडतो आणि पुढच्या रविवारी घाटात पुन्हा मोटारींची रांग लागते.

या वादात एक मूलभूत गल्लत होत असते. एकट्याने रानात जाणे आणि तयारीवाचून रानात जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र आल्या म्हणजे अनर्थ ओढवतो हे खरे. परंतु दोष कोणत्या गोष्टीचा, याची फोड केल्यावाचून उपायाची चर्चा व्यर्थ होय. सोबतीला माणसे असली म्हणजे धोका टळतो, ही समजूतही तपासून पाहण्याजोगी आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा ते एकटे नव्हते. अवतीभवती पर्यटकांचा मोठा समुदाय होता. गर्दी म्हणजे तयारी नव्हे.

एकटेपणाने आणि अज्ञानाने मिळून काय घडते, याचा दाखला याच परिसरात मे २०२२ मध्ये मिळाला. कामानिमित्त पुण्यात आलेला, दिल्लीकडचा एक तरुण अभियंता एकटाच खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्याकडे गेला. इंग्रजांच्या काळापासून ड्यूक्स नोज या नावाने ओळखला जाणारा हा कडा काही दुर्गम नाही. माथ्यावरून द्रुतगती महामार्गावरची वाहने दिसतात. तरीही उतरताना त्याची वाट चुकली. आपण रानात हरवलो आहोत हे त्याने दूरध्वनीवरून कळवले आणि मग संपर्क तुटला. पोलिस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि स्थानिक गिर्यारोहक यांनी ते रान पिंजून काढले. चार दिवसांनी खोल दरीत त्याचा मृतदेह सापडला. तेव्हा पाऊस सुरू झालेला नव्हता, धुके नव्हते, कोठे मनाईहुकूमही नव्हता. ज्यांना 'पावसाळी पर्यटनाचा प्रश्न' एवढ्याच शब्दांत हा विषय गुंडाळून ठेवावासा वाटतो, त्यांनी हा तपशील लक्षात घ्यावा.

रान म्हणजे वस्तीपासून शेकडो मैल दूर असलेला प्रदेश, ही कल्पना पुस्तकी आहे. जेथे वाट संपते आणि पुढे काय आहे हे चालणाऱ्याला ठाऊक नसते, तेथे रान सुरू होते; मग हमरस्ता डोळ्यांना दिसत का असेना. नागफणीच्या शेजारूनच कुरवंडे घाटाची जुनी वाट कोकणात उतरते. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगली फौज या वाटेने खाली उतरली आणि पायथ्याच्या उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी तिची कोंडी केली. पुढे मराठे, मागे मराठे, दोन्ही अंगांना दाट झाडी, अशा स्थितीत खानाला शरण जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्या फौजेजवळ शस्त्रे होती, संख्या होती, सरंजाम होता. नव्हते ते फक्त त्या रानाचे ज्ञान. हजारोंच्या सैन्याचा जेथे पाड लागला नाही, तेथे पाठीवर एक पिशवी आणि हातात भ्रमणध्वनी घेऊन जाणाऱ्या एकट्याची काय कथा?

सह्याद्रीची जडणघडण परक्याला सहज फसवणारी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेल्या लाव्ह्याच्या थरांतून हा डोंगर बनला. त्यामुळे त्याच्या बाजू सलग उताराच्या नाहीत, पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत. कठीण थराचा उभा कडा, त्याखाली झाडीने भरलेला मऊ थराचा उतार, पुन्हा कडा. वाट चुकलेला माणूस साहजिकच ओढ्याचे पात्र धरतो, कारण पाणी खाली जाते आणि खाली गाव असते. अन्य प्रदेशांत हा हिशेब कदाचित बरोबर ठरेल. येथे मात्र तो ओढा प्रत्येक थराच्या टोकाशी धबधबा होऊन उडी घेतो. पहिली पायरी दहा फुटांची असते, तीवरून माणूस घसरत उतरतो. दुसरी पंचवीस फुटांची असते, तीही जिवावर उदार होऊन उतरतो. तिसरीच्या काठाशी आला म्हणजे पुढे शेकडो फुटांची पोकळी आणि मागे पुन्हा चढता न येणारा निसरडा कातळ. बचाव पथकांना वाट चुकलेली माणसे अशा त्रिशंकू जागी अडकलेली आढळतात, ती याच कारणाने.

वाटांचेही तसेच. पठारावर दिसणाऱ्या पाऊलवाटांपैकी निम्म्याअधिक ढोरवाटा असतात. गुरे चरायला जातात तेथवर त्या ठळक असतात, मग फाटत फाटत कारवीत नाहीशा होतात. पुरुषभर उंचीच्या कारवीत शिरलेल्याला दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. पावसाळ्यात धुके उतरले की कड्याची धार आणि गवताचे मैदान यांतला भेद डोळ्यांना कळेनासा होतो. ओल्या कपड्यांनिशी वाऱ्यात रात्र काढावी लागली तर बर्फ नसलेल्या प्रदेशातही शरीराचे तापमान धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. महाराष्ट्रात थंडीने माणूस दगावेल, हे पटायला जड जाते म्हणूनच ते अधिक घातक. उन्हाळ्यात याच्या उलट. फेब्रुवारीनंतर ओढे आटतात, पाणी उरते ते किल्ल्यांवरच्या खोदीव टाक्यांत, आणि कोणते टाके पिण्याचे व कोणते नुसत्या शेवाळाचे हे गावकऱ्याला विचारल्यावाचून कळत नाही. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात; त्यांना धूर आणि उग्र वास खपत नाही. यांतली एकही गोष्ट गूढ नाही. पायथ्याच्या गावातले बारा वर्षांचे पोर हे सर्व जाणते.

तयारीचा अभाव म्हणजे नेमका कशाचा अभाव, हे पाहण्यासाठी एका परदेशी प्रकरणाकडे वळणे उपयुक्त ठरेल. सह्याद्रीतल्या अपघातांचे तपशील दोन दिवसांत विरून जातात. या प्रकरणात मात्र मृताने स्वतःच ठेवलेल्या त्रोटक नोंदी मागे उरल्या आहेत. क्रिस्टोफर मॅकँडलेस हा व्हर्जिनियातील एका सुस्थित कुटुंबाचा मुलगा. १९९० मध्ये त्याने एमरी विद्यापीठाची पदवी घेतली, जवळची सुमारे चोवीस हजार डॉलरची शिल्लक ऑक्सफॅम या भूकनिवारणाचे कार्य करणाऱ्या संस्थेला दान केली, घरच्यांशी संबंध तोडला आणि तो भटकंतीला निघाला. वाटेत मोटार सोडून दिली, खिशातल्या नोटा जाळल्या. एप्रिल १९९२ च्या अखेरीस तो अलास्कातल्या हीली या गावाजवळ पोहोचला आणि स्टँपीड ट्रेल नावाच्या जुन्या वाटेने एकटाच रानात शिरला. जवळ साडेचार किलोच्या आसपास तांदूळ, कमी ताकदीची एक बंदूक, काही पुस्तके आणि खाद्य वनस्पतींची माहिती देणारा एक ग्रंथ. ज्या वाहनचालकाने त्याला तेथवर सोडले, त्याने ही सामग्री अपुरी असल्याचे बजावले, अँकरेज शहरात नेऊन लागेल ते घेऊन देण्याची तयारी दर्शवली. तरुणाने नकार दिला. अखेर त्या भल्या माणसाने आपले रबरी बूट तेवढे त्याच्या गळी उतरवले. आपण येथे असल्याचे कोणालाही ठाऊक नाही, असे तरुणाने त्याला सांगितले होते.

रानात त्याला एक मोडकी बस सापडली आणि त्याने तीतच बिऱ्हाड केले. १४२ क्रमांकाची ही बस एके काळी फेअरबँक्स शहरात धावत असे. पुढे १९६० च्या सुमारास रस्ता बांधणाऱ्या मजुरांच्या निवाऱ्यासाठी ती तेथवर ओढत नेली गेली आणि काम थांबल्यावर तशीच टाकून दिली गेली. समाजाचा त्याग करून निघालेल्या तरुणाला आयुष्याचे अखेरचे दिवस समाजानेच टाकून दिलेल्या वाहनात काढावे लागले, ही गोष्ट त्याच्या चाहत्यांच्या फारशी ध्यानात येत नाही.

दोन महिने त्याने निभावले. खारी, पक्षी, साळिंदर मारून खाल्ले. जूनमध्ये एक मूस जातीचे मोठे सांबर मारले, पण मांस टिकवण्याची रीत नीट न साधल्याने ते सडून गेले. जुलैच्या प्रारंभी त्याने परतीची वाट धरली. येथे एक ध्यानात घेतले पाहिजे की तो मरायला गेला नव्हता. तो परत येत होता. परंतु एप्रिलमध्ये ज्या टेकलानिका नदीतून तो सहज चालत गेला होता, ती आता हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याने दुथडी भरून वाहत होती. तो मागे फिरला आणि बसमध्ये येऊन पाणी ओसरण्याची वाट पाहू लागला. त्या जागेपासून सुमारे अर्ध्या मैलावर नदीवरून ताणलेल्या तारेला एक पाळणा टांगलेला होता. हाताने ओढून त्यातून पैलतीर गाठता येत असे. तपशीलवार नकाशा त्याच्याजवळ नव्हता. पाळण्याचा त्याला पत्ताच लागला नाही. ऑगस्टच्या मध्यास तो भुकेने मरण पावला. ६ सप्टेंबर १९९२ रोजी शिकाऱ्यांना त्याचा देह आढळला, तेव्हा त्याचे वजन जेमतेम तीस किलो भरले. त्याने खाल्लेल्या एका वनस्पतीच्या बियांमुळे शरीरास अन्न लागेनासे झाले, असा तर्क त्याचे चरित्रकार जॉन क्रॅकौर यांनी मांडला आणि त्यावर शास्त्रज्ञांचा वाद अनेक वर्षे चालला. त्या वादाचा निकाल कसाही लागो, नकाशाची किंमत त्याने बदलत नाही.

मॅकँडलेसच्या हेतूंबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणाला तो संतपुरुष वाटला, कोणाला मूर्ख. अलास्कातील रहिवाशांपैकी अनेकांना तो मूर्खच वाटला, आणि त्यांच्या त्या मतात थोडा तुच्छतेचाही अंश होता. वास्तविक त्याच्या ध्येयवादाची टवाळी करण्याचे कारण नाही. पैसा जाळणे हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने अविचार खरा. पण उपभोगाच्या शर्यतीला विटलेल्या तरुणाला मोकळ्या आकाशाची ओढ लागावी, हे आजच्या शहरी जीवनाकडे पाहता मुळीच अस्वाभाविक नाही. चूक त्या ओढीत नव्हती. नकाशा बरोबर घेणे म्हणजे रानाच्या पावित्र्याचा भंग करणे, माणसांना विचारणे म्हणजे स्वातंत्र्याला बट्टा लावणे, अशी जी समजूत त्या ओढीला चिकटली होती, ती चूक होती. निसर्गाच्या भक्तीतून निसर्गाच्या ज्ञानाविषयी अनास्था निर्माण व्हावी, हा विचित्र विपर्यास होय.

याच्या उलट टोकाला राइनहोल्ड मेसनर यांचे उदाहरण आहे. २० ऑगस्ट १९८० रोजी ते एकटेच, प्राणवायूच्या नळकांड्यांवाचून, तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. एकटेपणाचे याहून मोठे धाडस दाखवणे कठीण. पण दोनच वर्षांपूर्वी ते प्राणवायूवाचून त्याच शिखरावर एका साथीदारासह जाऊन आले होते, नंगापर्वतावर एकट्याने चढून आले होते, आणि या चढाईच्या वेळीही खालच्या तळावर त्यांची एक सहकारी वाट पाहत थांबली होती. ते कोठे आहेत, हे जगात निदान एका व्यक्तीला ठाऊक होते. ॲरन रॅल्स्टन या निष्णात गिर्यारोहकाने नेमकी एवढीच गोष्ट केली नाही. एप्रिल २००३ मध्ये यूटा राज्यातील एका अरुंद घळीत त्याचा हात शिळेखाली चिरडला गेला. तो कोठे गेला आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने त्याला शोधायला कोणी येणे शक्य नव्हते, आणि पाच दिवसांनंतर स्वतःचा हात स्वतःच कापून तो बाहेर पडला. कौशल्य होते, शारीरिक क्षमता होती, अनुभवही होता. नव्हता तो फक्त मागे ठेवलेला निरोप.

या निरोपाचे मोल साध्या गणिताने दाखवता येते. हरवलेला माणूस एका ठाऊक जागेपासून एक किलोमीटरच्या आत आहे असे माहीत असेल, तर शोधावे लागणारे क्षेत्र सुमारे तीन चौरस किलोमीटर होते. तेच अंतर पाच किलोमीटर धरावे लागले तर क्षेत्र पाचपट नव्हे, पंचवीसपट होते, म्हणजे अठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटरच्या घरात जाते. 'अमक्या गावातून अमक्या वाटेने चढतो आहे, संध्याकाळी सहापर्यंत खाली उतरेन' एवढे एक वाक्य घरी किंवा गावात सांगून ठेवायला काहीच खर्च येत नाही. भ्रमणध्वनीवर विसंबून हे वाक्य टाळले जाते. आणीबाणीसाठी ११२ हा क्रमांक देशभर आहे, परंतु दरीत संदेशलहरी पोहोचत नाहीत आणि लहरींच्या शोधात यंत्राची विद्युतशक्ती नेहमीपेक्षा लवकर संपते, हे डोंगरात गेल्यावरच उमगते.

येथवर प्रश्न व्यक्तीचा होता. यापुढे तो समाजाचा होतो. स्वतःच्या जिवावर उदार होण्याचा हक्क प्रौढ माणसाला आहे, असा युक्तिवाद नेहमी केला जातो. तत्त्वतः तो मान्य करण्यास हरकत नाही. परंतु त्या हक्काचा खर्च तो स्वतः सोसत नाही, ही खरी अडचण आहे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात त्याचा हा रोखठोक नमुना होय: निर्णय एकाचा, लाभ त्याचा, आणि तोट्याचा मोठा हिस्सा ज्यांचा त्या व्यवहाराशी काडीमात्र संबंध नाही त्यांच्या वाट्याला. मॅकँडलेसच्या बसचेच पाहा. १९९६ मध्ये त्याच्यावरचे पुस्तक आले, २००७ मध्ये चित्रपट आला आणि ती बस तीर्थक्षेत्र बनली. तिच्या दर्शनाला निघालेल्या दोन तरुणी, एक २०१० मध्ये व दुसरी २०१९ मध्ये, त्याच टेकलानिका नदीत बुडाल्या. २००९ ते २०१७ या काळात या बसपायी पंधरा वेळा सुटकेची मोहीम काढावी लागली, असे अलास्का राज्यशासनाने सांगितले. अखेर १८ जून २०२० रोजी लष्करी हेलिकॉप्टरने ती बस उचलून नेण्यात आली आणि पुढे फेअरबँक्सच्या विद्यापीठीय संग्रहालयाच्या हवाली झाली. एका तरुणाच्या अपुऱ्या तयारीचा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षे सार्वजनिक खर्चाने चालू होता.

महाराष्ट्रात हा भार सरकारी तिजोरीपेक्षाही स्वयंसेवकांच्या खांद्यावर अधिक पडतो. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वर ट्रेकर्स यांसारख्या संस्थांतील माणसे पोटापाण्यासाठी दुकान चालवतात, नोकरी करतात, रिक्षा हाकतात. निरोप आला की दोर घेऊन अंधारात निघतात. त्यांच्या पुढे चालतो तो पायथ्याच्या वाडीवरचा महादेव कोळी, ठाकर किंवा कातकरी समाजातला वाटाड्या. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. शिवाय ही शक्ती मर्यादित आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा तेथवर मोटाररस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसे भर पावसात डोंगर चढून गेली आणि चढतानाच अग्निशमन दलाच्या एका कर्मचाऱ्याचा मृत्यू ओढवला. ज्यांना आपल्या घरात झोपलेले असताना मृत्यूने गाठले, त्यांच्यासाठी लागणारी हीच माणसे आहेत आणि हेच दोर आहेत. हौसेपोटी वाट चुकलेल्याला शोधण्यात ती चार दिवस गुंतून पडली, तर त्या चार दिवसांत अन्यत्र काय घडेल याची शाश्वती कोणी द्यायची?

मग सुटकेचा खर्च वसूल का करू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात निष्काळजीपणाने संकटात सापडलेल्याकडून मोहिमेचा खर्च घेण्याची कायद्यात तरतूद आहे. २०१५ पासून तेथे पंचवीस डॉलरचे वार्षिक कार्डही मिळते आणि ते घेणाऱ्याला सामान्य निष्काळजीपणाबद्दल अशा वसुलीतून सूट असते. स्वित्झर्लंडमधली रेगा ही हवाई बचाव संस्था ऐच्छिक वर्गणीदारांच्या पैशांवर मोठ्या प्रमाणात चालते आणि वर्गणीदारांना सुटकेच्या खर्चात सवलत देते. वसुलीच्या बाजूचा युक्तिवाद सरळ आहे: फुकट मिळणाऱ्या गोष्टीचा उपभोग अधिक होतो. पण तो येथे पुरता लागू पडत नाही. दरीत पडण्याचा उपभोग कोणी घेत नाही. उलट, बिलाच्या भीतीने माणूस मदत मागायला उशीर करील, दिवसाउजेडी सोपी असलेली सुटका रात्री अवघड होऊन बसेल आणि पथकातल्या माणसांचाच धोका वाढेल, या कारणास्तव अमेरिकेतल्या पर्वतीय बचाव पथकांच्या संघटनेने अशा आकारणीला विरोध केला आहे. हा विरोध ज्यांना स्वतः दोर धरून उतरावे लागते त्यांचा आहे, म्हणून त्याला अधिक वजन दिले पाहिजे.

मनाईहुकुमाची गतही फारशी निराळी नाही. तो चार प्रसिद्ध धबधब्यांवर लागू होतो आणि गर्दी पाचव्याकडे सरकते, जेथे ना पोलिस असतो, ना कठडा. साहसी उपक्रमांसंबंधी राज्याने २०१८ मध्ये काढलेला शासननिर्णय आणि २०२१ चे साहसी पर्यटन धोरण यांचा रोख मुख्यतः मोहिमा आयोजित करणाऱ्या संस्थांवर आहे. ते योग्यही आहे. पण एकटा निघालेला तरुण कोणाचाच ग्राहक नसतो. तो कोणत्याही परवान्याच्या कक्षेत येत नाही.

जुन्या काळी माणसे एकटी हिंडत नसत असे नाही. नर्मदेची परिक्रमा करणारा एकट्यानेच महिनोन् महिने चालत असे, आजही चालतो. गो. नी. दांडेकरांसारख्या दुर्गवेड्या लेखकाने ती केली होती. वरवर पाहता तो परिक्रमावासी मॅकँडलेसइतकाच निःसंग असतो. परंतु त्याच्या वाटेवर सदावर्ते असतात, धर्मशाळा असतात, 'पुढचा मुक्काम कोठे, मधल्या झाडीत पाणी आहे का' हे विचारण्याची आणि सांगण्याची रीत असते. त्याची तयारी त्याच्या झोळीत नसते, ती काठावरच्या गावांत असते. शहरातल्या पदवीधराला गावकऱ्याशी बोलायचा संकोच वाटू लागला आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ अधिक विश्वासार्ह वाटू लागली, तेव्हा ही जुनी विमायोजना बंद पडली. वाटाड्याला एका दिवसाचा रोज द्यायला कां-कूं करणारा मनुष्य त्याच्या कितीतरी पट किमतीचे बूट घालून आलेला असतो, हे कोणत्याही रविवारी पाहून घ्यावे.

उपाय यातूनच निघतो आणि तो खर्चिक नाही. आज अनेक किल्ल्यांच्या व अभयारण्यांच्या पायथ्याशी वनविभाग किंवा गावची वनव्यवस्थापन समिती प्रवेशशुल्क घेते, ग्रामपंचायत वाहनतळाची पावती फाडते. म्हणजे जाणाऱ्याला अडवून त्याच्याकडून पैसे घेण्याची यंत्रणा उभी आहेच. तीत उणीव एवढीच की पावती वर जाणाऱ्याची फाडली जाते आणि खाली आलेल्याची मोजदाद सहसा होत नाही. पावतीच्या वेळी नाव, घरचा दूरध्वनी क्रमांक, धरलेली वाट व उतरण्याची वेळ एका वहीत लिहून घ्यावी. एकट्याने जाणाऱ्याला वाटाड्याचा ठरावीक दर फलकावर वाचायला मिळावा. आणि दिवस मावळल्यावर वहीतले कोणते नाव परतले नाही, हे पाहून पोलिस ठाण्याला व जवळच्या पथकाला कळवण्याचे काम गावातल्या एका माणसाकडे असावे. शुल्कातला काही भाग बचाव पथकांच्या दोरांसाठी व त्यांच्या अपघाती विम्यासाठी राखून ठेवता येईल. वही सांभाळणाऱ्याला दरमहा मानधन द्यावे लागेल. रविवारच्या वाहनतळाच्या पावत्यांतून ते सहज निघेल.